इन्सुलिनची सुई आणि वेदनाशामक गोळी

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात राहणारे एक निवृत्त मराठी गृहस्थ वाचकांनी कल्पनेत आणावेत. वय अडुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा, आणि त्यांपैकी शेवटची सहा वर्षे इन्सुलिनवर. पहाटे सँकी तलावाभोवती फेरी, घरी परतल्यावर साडेसातला सुई आणि आठच्या आत न्याहारी हा त्यांचा ठरलेला क्रम. एका दिवशी हा क्रम मोडला. कार्तिकातला सोमवार होता. सुई टोचून घेतल्यावर न्याहारीपूर्वीच ते काडु मल्लेश्वराच्या दर्शनास गेले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या नावाशी हे देवालय निगडित असल्याने त्यांना त्याचे विशेष अगत्य होते. रांग लांब होती. नऊच्या सुमारास त्यांचे डोके दुखू लागले, कपाळावर घाम आला, हात किंचित कापू लागले. उन्हाला आणि उपवासाला दोष देत त्यांनी खिशातील पॅरासिटामोलची गोळी पाण्याबरोबर घेतली व पायरीवर डोळे मिटून बसले. अर्ध्या तासाने हाक मारणाऱ्याला त्यांच्याकडून धड उत्तर मिळेना.

या प्रसंगात गोळीने काही बिघडवले असे म्हणता येणार नाही. तिच्यात काही दोष नव्हता व तिचे प्रमाणही योग्य होते. चूक झाली ती दुखण्याचा अर्थ लावण्यात. इन्सुलिनने रक्तातील साखर उतरत होती आणि डोकेदुखी ही तिचीच सूचना होती. ती सूचना शांत करण्याच्या खटपटीत साखर खाण्याची वेळ मात्र निघून गेली.

सुईवाटे मधुमेहाचे औषध घेणारी माणसे वेदनाशामकांविषयी साधारणपणे एकच प्रश्न विचारतात. या दोन औषधांचे परस्परांशी जमते का? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. नित्याच्या प्रमाणात घेतलेली साधी वेदनाशामक गोळी आणि इन्सुलिन यांचा शरीरात थेट कलह क्वचितच होतो. धोका येतो तो आडवाटेने. कधी तो चुकीच्या समजुतीतून येतो, कधी मूत्रपिंडांतून, कधी जठरातून, तर कधी दंडावर चिकटवलेल्या यंत्राच्या आकड्यातून. या आडवाटा ओळखता आल्या तर गोळीची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

आधी रक्त पाहावे

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की शरीर सावध होते. ॲड्रिनलिन स्रवते, त्यामुळे घाम, थरथर, धडधड व भूक ही लक्षणे उमटतात. मेंदूला ग्लुकोजची चणचण भासू लागली की डोके दुखते, चिडचिड होते, शब्द सापडत नाहीत. रात्री झोपेत साखर उतरून गेली असेल तर सकाळी केवळ जड डोके आणि घामाने ओलसर झालेली उशी एवढाच पुरावा मागे उरतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात ॲड्रिनलिनची ही आरोळी क्षीण होत जाते. मग घामही येत नाही, थरथरही होत नाही. अशा माणसाच्या बाबतीत डोकेदुखी हीच एकमेव पूर्वसूचना असू शकते.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याने डोके दुखताच प्रथम बोटाला सुई टोचून रक्त तपासावे व मग गोळीकडे वळावे. तपासणीचे साधन जवळ नसेल तर साखर उतरली आहे असेच गृहीत धरणे शहाणपणाचे, कारण साखर नसताना घेतलेले ग्लुकोज फारसे नुकसान करीत नाही, परंतु उतरलेली साखर तशीच सोडली तर प्राणावर बेतू शकते. ग्लुकोजची पूड किंवा सपाट तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी व नंतर काही खावे. एवढे झाल्यावरही डोके दुखतच राहिले तर गोळी खुशाल घ्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र त्याच्या तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला कुशीवर निजवून तात्काळ रुग्णालयात न्यावे. मल्लेश्वरममध्ये के. सी. जनरल हे सरकारी रुग्णालय वस्तीतच आहे. प्रत्येक गावी एवढी सोय नसते, आणि म्हणूनच खिशातील ग्लुकोजचे महत्त्व अधिक.

सॅलिसिलेटची जुनी कथा

वेदनाशामकाने साखर खरोखरच उतरते हे वैद्यकाला इन्सुलिनच्याही आधी ठाऊक होते. १८७६ मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म एब्स्टाइन यांनी मधुमेहावर सोडियम सॅलिसिलेट देऊन लघवीतील साखर कमी झाल्याचे नोंदवले. १९०१ मध्ये इंग्लंडमधील विल्यमसन यांनीही तसाच अनुभव प्रसिद्ध केला. टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेल्यावर सॅलिसिलेटची ही बाजू विस्मृतीत गेली. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने रक्तशर्करा उतरते ही गोष्ट १९५७ मध्ये ब्रिटिश वैद्यांनी पुन्हा पुढे मांडली.

या कथेतील 'मोठ्या मात्रा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. येथे प्रश्न दिवसाला कित्येक ग्रॅम ॲस्पिरिनचा आहे. हृदयविकार टाळण्यासाठी वैद्य जी ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज घ्यायला सांगतात, तिने साखरेवर परिणाम होत नाही, आणि इन्सुलिन चालू आहे म्हणून ती परस्पर बंद करणे चुकीचे होईल. सांधेदुखीसाठी मोठ्या प्रमाणात ॲस्पिरिन घेण्याची चाल आता जवळजवळ मागे पडली आहे. तरीही कोणी ती घेत असेल तर इन्सुलिनची मात्रा घटवावी लागू शकते, हे त्याने वैद्याला सांगावे.

त्या छोट्या गोळीविषयी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आयबुप्रोफेन तिच्या आधी घेतल्यास ते रक्तकणिकांवरील तीच जागा अडवून बसते आणि ॲस्पिरिनचा हृदयाला मिळणारा लाभ कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये याविषयी सूचना काढली. साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने, किंवा तिच्या आठ तास आधी, आयबुप्रोफेन घ्यावे असा तिचा आशय होता. मधुमेह्याला हृदयविकाराची भीती इतरांहून अधिक असते. त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मूत्रपिंडाचे दोन नळ

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सर्व एकाच कुळातील औषधे होत. ती शरीरात नेमके काय करतात हे १९७१ मध्ये इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी दाखवून दिले व त्याबद्दल १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जखम किंवा दाह झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व ती वेदना तीव्र करतात. ही औषधे त्या द्रव्यांची निर्मितीच थांबवतात. दुखणे कमी होते ते यामुळेच. परंतु प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखऱ्या गुडघ्यात असतात असे नाही. जठराच्या अस्तराचे रक्षण तीच करतात, आणि मूत्रपिंडातील रक्तप्रवाहही गरजेच्या वेळी तीच राखतात.

मूत्रपिंड म्हणजे लक्षावधी सूक्ष्म गाळण्यांचा समूह. प्रत्येक गाळणीत रक्त एका बारीक नळाने येते व दुसऱ्या नळाने बाहेर पडते. शरीरात पाणी कमी झाले, किंवा दीर्घ मधुमेहाने गाळण्या जुन्या झाल्या, की आत येणारा नळ मोकळा ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले की हा नळ आकुंचन पावतो. आता आपले मल्लेश्वरमचे गृहस्थ पुन्हा डोळ्यांपुढे आणावेत. त्यांना रक्तदाबही आहे, आणि त्यासाठी ते टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची संयुक्त गोळी घेतात. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारा नळ सैल होतो. एरवी ही गोष्ट मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला हितकारकच असते. हायड्रोक्लोरोथायझाइडने शरीरातील पाणी व क्षार घटतात. गुडघेदुखीसाठी त्यांनी यात डायक्लोफेनॅकची भर घातली, की येणारा नळ आवळलेला, जाणारा नळ सैल आणि मुळात पाणीच कमी, अशी स्थिती होते. गाळणीतील दाब कोसळतो. त्यात जुलाब लागले किंवा उन्हाळ्यात ताप आला तर काही दिवसांतच मूत्रपिंड बंद पडण्याचा प्रसंग येऊ शकतो. या त्रयीपैकी प्रत्येक औषध योग्य कारणासाठीच दिलेले असते. ती एकत्र आली हे मात्र अनेकदा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण दोन औषधे वैद्याने लिहून दिलेली असतात आणि तिसरे रुग्णाने दुकानातून आणलेले असते. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकू नये असा आपल्याकडे नियम आहे. व्यवहारात तो किती पाळला जातो हे प्रत्येक वाचक जाणतो.

मूत्रपिंडाच्या या कथेला इन्सुलिनशी जोडणारा आणखी एक धागा आहे. स्वादुपिंडातून स्रवलेले इन्सुलिन प्रथम यकृतात जाते व तेथेच त्याचा बराचसा निचरा होतो. सुईने त्वचेखाली दिलेले इन्सुलिन हा मार्ग टाळते. त्याचा निचरा करण्याचे बरेचसे काम मूत्रपिंडांवर पडते. मूत्रपिंड मंदावले की कालपर्यंत बरोबर बसणारी इन्सुलिनची मात्रा आज शरीरात अधिक वेळ रेंगाळते. आठवडाभर डायक्लोफेनॅक घेणाऱ्या माणसाची साखर कारण नसताना वारंवार उतरू लागली तर ती मूत्रपिंडाची हाक समजावी व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. तपासणीच्या कागदावर ईजीएफआर नावाचा आकडा असतो. तो ६० च्या खाली असलेल्याने या कुळातील गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत आणि ३० च्या खाली असलेल्याने त्या मुळीच घेऊ नयेत, असा वैद्यकाचा सर्वसाधारण दंडक आहे. गुडघ्यावर चोळण्याचा डायक्लोफेनॅकचा मलम रक्तात फारच थोडा उतरतो. म्हणून एखाद्या सांध्याच्या दुखण्यापुरता तो पुष्कळदा अधिक चांगला पर्याय ठरतो.

पॅरासिटामोल: निर्धोक, पण मोजून

उरते ते पॅरासिटामोल. नेहमीच्या मात्रेत ते मूत्रपिंडातील नळ आवळीत नाही, जठराला इजा करीत नाही, साखर चढवीत वा उतरवीत नाही. म्हणून सुई घेणाऱ्या मधुमेह्याच्या साध्या तापावर व अंगदुखीवर पहिली निवड त्याचीच करावी. ज्याच्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळीचे नाव महामारीच्या काळात देशभर प्रत्येकाच्या तोंडी झाले ती 'डोलो' बंगळुरूच्याच मायक्रो लॅब्सची, आणि यीस्टच्या साहाय्याने बनवलेले मानवी इन्सुलिन २००४ मध्ये बाजारात आणणारी बायोकॉनही त्याच शहरातली. मल्लेश्वरमच्या एखाद्या घरातील कपाटात या दोन्ही वस्तू शेजारी नांदत असल्या तर नवल नाही.

पॅरासिटामोलचा धोका यकृताला असतो व तो मात्रेवर अवलंबून असतो. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये. कृश, वृद्ध, मद्यपी किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी वैद्य ही मर्यादा दोन-तीन ग्रॅमवर आणतात. हिशेब सोपा वाटतो, पण चुकतो तो नावांमुळे. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३,९०० मिलिग्रॅम. येथेच मर्यादा आली. त्यातच सर्दीसाठी घेतलेल्या गोळीतही पॅरासिटामोल असते, आणि अंगदुखीच्या कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामोल असते. म्हणजे 'मी फक्त पॅरासिटामोल घेतो' असे समजणाऱ्याच्या पोटात मर्यादेबाहेर पॅरासिटामोल गेलेले असते आणि नकळत आयबुप्रोफेनही. वेष्टनावरील ठळक नावाऐवजी त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत. सरबतासारख्या औषधातील साखरेची लोक फार धास्ती घेतात. एक-दोन चमच्यांतील ती साखर या हिशेबापुढे क्षुल्लक होय.

यंत्राचा आकडा

अलीकडे पुष्कळ रुग्ण दंडावर किंवा पोटावर एक लहानसा संवेदक चिकटवतात व त्यावरून दिवसभर साखरेचा आकडा पाहतात. अशा अनेक संवेदकांत त्वचेखालील ग्लुकोजवर एका किण्वकाची क्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व त्यापासून निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. ज्या विद्युतदाबावर पेरॉक्साइड मोजले जाते, त्याच दाबावर पॅरासिटामोलही प्रवाह निर्माण करते. यंत्राला या दोहोंतील भेद कळत नाही. गोळी घेतल्यावर काही तास ते खऱ्यापेक्षा अधिक साखर दाखवू शकते. डेक्सकॉमच्या जुन्या जी-५ संवेदकाबाबत पॅरासिटामोल वर्ज्य सांगितलेले होते. २०१८ मधील जी-६ मध्ये सुधारणा होऊन दर सहा तासांना एक ग्रॅमपर्यंतची मुभा आली. मेडट्रॉनिकच्या काही संवेदकांबाबत ही सूचना कायम राहिली. लिब्रे या संवेदकाची रचना वेगळी असल्याने त्याला पॅरासिटामोलची बाधा फारशी होत नाही, परंतु क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने तो फसतो.

तापाने फणफणलेला माणूस रात्री गोळी घेतो, यंत्रावर २६० चा आकडा पाहतो आणि इन्सुलिन वाढवून टोचतो; खरी साखर मात्र १५० असते. पहाटे काय होईल हे सांगायला नको. पॅरासिटामोल घेतलेल्या दिवशी इन्सुलिनची जादा मात्रा ठरवण्यापूर्वी बोटाचे रक्त तपासावे, आणि आपल्या संवेदकाची माहितीपत्रिका एकदा तरी वाचावी. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घातक आहे. ताप आला, जेवण गेले नाही म्हणून इन्सुलिन पूर्णपणे बंद करू नये. आजारात साखर बहुधा चढते, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबवल्यास रक्त आम्लधर्मी होऊन प्राणसंकट ओढवते.

संथ झालेले जठर

इन्सुलिनखेरीज सुईने घेण्याच्या औषधांचा आणखी एक वर्ग आता रूढ झाला आहे. एक्सेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली. सेमाग्लुटाइडची व टर्झेपाटाइडची इंजेक्शने भारतात २०२५ मध्ये विक्रीस आली. ही औषधे एकटी घेतली तर साखर फार उतरत नाही. इन्सुलिनच्या जोडीला घेतली तर उतरू शकते. ती जठराची गती मंद करतात, त्यामुळे भूक लवकर भागते. गंमत अशी की जठर किती संथ झाले हे मोजण्यासाठी संशोधक पॅरासिटामोलचाच उपयोग करतात, कारण ते जठरातून आतड्यात उतरल्याशिवाय रक्तात शिरत नाही. एक्सेनाटाइडच्या सुईनंतर एका तासाने एक ग्रॅम पॅरासिटामोल दिले तेव्हा रक्तातील त्याची कमाल पातळी ५६ टक्क्यांनी घटली आणि ती गाठायला सुमारे अर्ध्या तासाऐवजी चार तासांहून अधिक वेळ लागला. तीच मात्रा सुईच्या एक तास आधी दिली तेव्हा काहीच फरक पडला नाही. टर्झेपाटाइडच्या पहिल्या मात्रेनंतरही असाच विलंब दिसतो. पुढे शरीराला सवय झाली की तो ओसरतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की गोळी घेतल्यावर तासाभरात दुखणे थांबले नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नये. पहिली अजून जठरातच असू शकते. दोन मात्रांमधील चार ते सहा तासांचे अंतर येथे काटेकोरपणे पाळावे.

या औषधांनी सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, उलट्या व जुलाब होतात. अशा दिवसांत शरीर कोरडे पडलेले असते, आणि मूत्रपिंडाच्या नळाची वर सांगितलेली सगळी कथा लागू होते. त्या काळात आयबुप्रोफेन व त्याच्या कुळातील गोळ्या दूर ठेवाव्यात. पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जात असेल तर वेदनाशामक घेऊन वाट पाहत बसू नये. तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. पुढची सुई थांबवून वैद्य गाठावा.

झोपवू नयेत अशा वेदना

मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात. त्यामुळे हृदयविकाराचा झटका छातीतील कळेऐवजी धाप, घाम किंवा 'गॅस झाल्यासारखे' या रूपात येतो, आणि गोळी घेऊन झोपलेला माणूस मोलाचे तास घालवतो. उलट, रात्री तळपायांची होणारी आग ही त्याच मज्जातंतूंच्या विकृतीची वेदना असते व तिच्यावर पॅरासिटामोल वा आयबुप्रोफेन यांचा काही उपयोग होत नाही; ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगाबालिन ही तिची औषधे वैद्याकडूनच घ्यावी लागतात. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक भारतात २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्याने साखर उतरल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ते शस्त्रक्रियेनंतर दिले गेले तर पहिले काही दिवस रक्ततपासणी अधिक वेळा करावी.

आणि काही ठिकाणी वेदना असायला हवी तेथे ती नसते. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेल्या आपल्या गृहस्थांना तळव्यावर आलेला फोड जाणवत नाही. गोळीची गरज वाटत नाही, म्हणून तक्रारही नसते. संध्याकाळी पाय धुतल्यावर जमिनीवर ठेवलेल्या आरशात तळवा पाहिला, तरच तो फोड दिसतो.